रूपाली भोयर यांना सप्रेम निमंत्रण

आकांक्षा निस्ताने मॅडम हसत नाहीत, असा आमच्या कॉलेजात समज आहे. तो चुकीचा आहे. त्या हसतात, पण समोरच्याला दिसायच्या आत उरकून घेतात. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतो, म्हणून एवढं छातीठोकपणे सांगू शकतो. मी तासिका तत्त्वावरचा मास्तर आहे. तास संपला की मी कॉलेजचा कोणी नसतो, आणि फुकटचं काम निघालं की सगळ्यात आधी मीच कॉलेजचा असतो.

कॉलेज वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. एका बाजूला जिनिंग, दुसऱ्या बाजूला मंगल कार्यालय. दिवाळीनंतर इकडून कापसाचे पुंजके उडत येतात, तिकडून बँड येतो, आणि मधल्या जागेत आम्ही शिकवतो. मॅडम सेवाग्रामहून स्कूटीवर येतात. त्यांचे यजमान पियुषभाऊ तिथल्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहेत. मॅडमच्या पर्समध्ये नेहमी एक प्लास्टिकची डबी असते. त्या डबीत कधी बोरं असतात, कधी अळ्या. विचारल्याशिवाय हात घालायचा नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकलो. कसं शिकलो ते विचारू नका.

अळ्या म्हणजे गुलाबी बोंडअळी. कपाशीच्या बोंडात शिरून आतल्या आत सरकी खाते आणि बाहेरून पत्ता लागू देत नाही. बोंड फोडल्यावर कळतं की इथं कोणी राहून गेलं. गावोगावचे लोक तिला शिव्या घालतात, मॅडमना मात्र तिचं कौतुक. "शांत असते बिचारी, आपलं काम करत राहते," म्हणतात. आपला एक पीएच.डी.चा विद्यार्थी असावा, एवढीच त्यांची इच्छा. दर हंगामात एकटीनं किती शेतं फिरायची? पण विद्यार्थी घ्यायचा तर विद्यापीठाची गाईड म्हणून मान्यता लागते, आणि मान्यतेला पाच लेख लागतात. पोर्टलवर मॅडमच्या नावावर दोन दिसत होते. अर्ज करायची मुदत यंदा उघडली होती. ही चुकली की पुढची कधी, ते विद्यापीठालाही ठाऊक नसतं.

ह्या सगळ्यात मी पडलो तो प्राचार्यांमुळे. प्राचार्य डॉ. प्रफुल्ल कोठेकर दोन वर्षांपूर्वी यवतमाळहून आमच्याकडे आले. प्रत्येक प्राध्यापकाचं इंटरनेटवर प्रोफाइल पाहिजे आणि ती सगळी एकमेकांना जोडलेली पाहिजेत, असा फतवा वरून आला, तेव्हा त्यांनी मला बोलावलं आणि माझी पात्रता सांगितली: "तुम्ही तरुण आहात. मोबाइल चालवता."

काम तसं साधं आहे. संशोधकांचा एक सोळा आकडी नंबर असतो, त्याला ऑर्किड म्हणतात. आधारसारखाच, फक्त अंगठा लागत नाही. जगात कुठंही तुमचा लेख छापून आला की तो ह्या नंबरावर जमा व्हायला हवा. मग हा नंबर गूगल स्कॉलरला जोडायचा, स्कोपसला जोडायचा, विद्यापीठाच्या पोर्टलला जोडायचा. एका दारातून आत गेलं की माणसाच्या सगळ्या खोल्या दिसल्या पाहिजेत. मी एकेकाला धरून आणायचो आणि खुर्चीत बसवायचो. यंत्र लेखांची यादी दाखवून विचारतं, हे तुमचे आहेत का? आमच्या इतिहासाच्या सरांना नाही म्हणणं बरं दिसेना. त्यांनी सगळ्यांनाच हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते मूतखड्याचे जाणकार झाले होते. "काढून टाकू का सर?" मी विचारलं. "राहू दे नं काही दिवस," ते म्हणाले, "कोनाचं काय बिघडते?"

मॅडमची पाळी आली त्या दिवशी प्राचार्य स्वतः हजर होते.

"निस्ताने मॅडम, दोनच लेख? मी गाईडशिपची शिफारस कशी करू? पोर्टल तरी घेईल का?" असं म्हणत त्यांनी आपला लॅपटॉप आमच्याकडे फिरवला. "ही बाई पहा. रूपाली भोयर. मी कधीपासून तुम्हाला सांगून राह्यलो. तुमचाच विषय, तुमचीच अळी! चार लेख, आणि चारही असे की बाहेरदेशचे लोक दाखला देतात. काम कुठं केलं? आपल्या आर्वी तालुक्यात, रोहण्याच्या शेतात! तुम्ही पण तिकडच्याच ना?"

"हो सर. माहेर रोहण्याचंच."

"मग? काही शिका ना तिच्याकडून."

"प्रयत्न करते, सर," मॅडम म्हणाल्या. आणि हसल्या. सरांना दिसलं नाही, मला दिसलं.

प्रयोगशाळेत परत आल्यावर मी विचारलं, "मॅडम, तुम्ही ओळखता त्या बाईंना?"

"चांगली ओळखते."

"कशा आहेत?"

"बरी आहे. थोडी आगाऊ होती पहिले. लग्न झाल्यावर चूप झाली." त्यांनी डबीतलं एक बोर तोंडात टाकलं. मी बोरच होतं ना, म्हणून खात्री करून घेतली. "मीच होय ती."

आमच्याकडे लग्नात नवऱ्या मुलानं तांदळाच्या ताटात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायची पद्धत आहे. आता पुष्कळ घरी जुनंच नाव लिहितात. पियुषभाऊंचाही तोच विचार होता. पण घरात थोरली सून आधीच रूपाली होती. सासूबाई, भागीरथाबाई, हिशोबी बाई. त्या म्हणाल्या, "दोन रूपाल्या कशा चालतीन? एक हाक मारली तं दोघी येतीन, नाईतं दोघी बी येनार नाईत." तेव्हा ताटात 'आकांक्षा' लिहिलं गेलं. पुढं राजपत्रात नाव छापून आलं, नोकरी नव्या नावानं लागली, रेशन कार्डापासून गॅसपर्यंत सगळीकडे आकांक्षा निस्ताने झाली. लेख तेवढे राहिले. ते रूपाली भोयरच्या नावानं छापून गेले होते, आणि छापून गेलेला लेख काही नांदायला येत नाही.

"म्हणजे कॉलेजात हे कोणालाच माहीत नाही?"

"मोतीलालभाऊंना माहीत आहे. त्यांनीच माझी फाइल लावली."

मोतीलालभाऊ म्हणजे आमच्या ऑफिसचे मोठे बाबू. मी धावत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मले कोनं इचारलं? मी फाइल लावतो बाबू, बातम्या नाई देत."

परत येऊन मी मॅडमना म्हटलं, आताच्या आता सरांना सांगून टाकू. त्या म्हणाल्या, सांगून काय होणार? पोर्टल सरांचं ऐकत नाही, सोळा आकडी नंबराचं ऐकतं. आणि ते नंबर दोन होते. एक रूपालीनं विद्यार्थिनी असताना काढलेला, चार लेखांचा. दुसरा आकांक्षानं नोकरीत आल्यावर काढलेला, दोन लेखांचा. दोन्ही एक झाले तर सहा लेखांची एक बाई. नाहीतर दोन अर्धवट बाया.

"आणि खरं सांगू का सर," त्या म्हणाल्या, "माझं इतकं कौतुक मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. थोडे दिवस ऐकू द्या."

दोन नंबर एक करायची सोय आहे. फक्त दोन्ही खात्यांत शिरता आलं पाहिजे. रूपालीचं खातं तिच्या गूगलवरच्या जुन्या ईमेलवर होतं.

"ईमेलचा पासवर्ड आठवतो का?"

"अळीचं शास्त्रीय नाव, आणि पुढं काहीतरी."

अळी मला पाठ होती. ते काहीतरी दोघांनाही सापडेना. शेवटी आम्ही 'पासवर्ड विसरलात?' ह्याच्यावर दाबलं. स्क्रीनवर आलं: तुमच्या फोनवर सूचना पाठवली आहे, तिथं 'हो' दाबा. मॅडमचा फोन टेबलावर गप्प पडला होता.

"कोणत्या फोनवर?" मी विचारलं.

मॅडमनी कपाळावर हात मारला. लग्नात नवा फोन मिळाला तेव्हा जुना त्यांनी वडिलांना देऊन टाकला होता, आपल्या ईमेलसकट. इतकी वर्षं रोहण्याला बापूराव भोयर रूपालीच्या खात्यावर कापसाचे भाव आणि खंजेरी भजनं पाहत होते.

आम्ही पुन्हा दाबलं. स्क्रीन म्हणाली, विनंती नाकारण्यात आली. आणखी एकदा दाबलं, आणखी एकदा नाकारण्यात आली. मॅडमनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"बाबा, मोबाइलवर काही आलं का?"

"आलं ना! कोनी चोट्टं घुसून राह्यलं मोबाइलमंधी. मी काय सोडतो का? दनादन 'नाही' दाबलं."

"बाबा, ते मी होती."

"तू कायले घुसतं माह्या मोबाइलात?"

"काम आहे. आता आलं की 'हो' दाबजा."

"मी काऊन दाबू हो? ते इचारते, तुम्हीच लॉगिन करून राह्यले का. मी तं खाटेवर बसलो आहो. खोटं काऊन बोलू?"

"बाबा, मी म्हणून राह्यली ना! तुमची पोरगी."

"बँकेतला सायेब तेच सांगून गेला. म्हने, हे लोक आता पोरीचा आवाज बी काढतेत. हुबेहूब काढतेत म्हने." पलीकडचा आवाज संशयानं बारीक झाला. "तुले जेवाले काय आवडते, सांग."

"बाबा, मी कॉलेजात आहो!"

"पाहा, नाई सांगता आलं. पोरगी असशीन तं घरी येजो. मंग पाहू." आणि फोन बंद. गूगलनंही तेच केलं. इतके नकार आल्यावर त्यानं सांगितलं की आता काही दिवस प्रयत्न करू नका.

इकडे मुदत सरत होती, आणि तिकडे प्राचार्यांच्या डोक्यात एक झकास कल्पना आली. विज्ञान मंडळाच्या उद्घाटनाला रूपाली भोयर यांनाच बोलावू! लेखाखाली त्यांचा ईमेल दिलेला होता. निमंत्रण लिहायचं काम अर्थातच तरुण आणि मोबाइल चालवणाऱ्या माणसाकडे आलं. सर सांगत गेले, मी टाइप करत गेलो. 'आपल्यासारख्या विदुषीच्या पदस्पर्शाने आमचे महाविद्यालय पावन व्हावे.' ती विदुषी शेजारच्या खोलीत बेसिनला तुंबलेलं पाणी काडीनं मोकळं करत होती.

"आणि पाहुण्यांचा परिचय निस्ताने मॅडम करून देतील," सर म्हणाले. "तेवढीच ओळख वाढेल त्यांची."

रविवारी मॅडम आणि मी एसटीनं रोहण्याला गेलो. लॅपटॉप माझ्या मांडीवर होता आणि मॅडमच्या मांडीवर वडिलांसाठी घेतलेल्या गोरसपाक बिस्किटांचा डबा. बापूराव अंगणात खाटेवरच होते. कदाचित त्या दिवसापासून उठलेच नसावेत. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून बंडीच्या खिशात ठेवलेला, खिशाला वरून सेफ्टी पिन.

"हे कोन?" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"कॉलेजचे सर आहेत. हे कॉम्प्युटरचं पाहतात."

"हे बी घुसत होते का?"

चहा झाला. मी लॅपटॉप उघडला, विनंती पाठवली. खिशात टुंग वाजलं. बापूरावांनी सावकाश सेफ्टी पिन काढली, पिशवी काढली, फोन काढला, हात लांब धरून वाचलं. मग मुलीकडे पाहिलं.

"पहिले सांग, तू कोन?"

"बाबा, वेळ संपते त्याची!"

"संपू दे. नाव सांग."

"रूपाली."

"पुरं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी अंगणातल्या कोंबडीकडे पाहू लागलो.

"रूपाली बापूराव भोयर," त्या म्हणाल्या.

"अस्सं!" म्हणून म्हाताऱ्यानं 'हो' वर असा अंगठा ठेवला, की फोन फुटतो की काय वाटलं. लग्नानंतर जावयासमोर, व्याह्यांसमोर ते तिला आकांक्षाच म्हणत आले होते, कधी चुकले नव्हते. त्या दिवशी मात्र पुढं सगळा वेळ रूपे, पाणी आन. रूपे, डबा उघड. रूपे, सरांले अजून चहा दे.

खातं उघडलं. भजनांच्या चॅनेलच्या जाहिरातींच्या ढिगात दोन संपादकांची पत्रं पडली होती, आणि सगळ्यात वर आमच्या प्राचार्यांचं निमंत्रण. मॅडमनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. 'पदस्पर्शाने' ह्या शब्दाशी बापूरावांनी त्यांच्या पायाकडे पाहिलं. चपलेला रस्त्याचा चिखल होता.

मग नंबरांचं काम काढलं. यंत्रानं बजावलं: दोनपैकी एकच नंबर राहील, दुसरा कायमचा जाईल. ठेवायचा कोणता? मॅडमनी विचारसुद्धा केला नाही, जुना ठेवला. लेखांचे धागे त्यालाच बांधलेले होते. आकांक्षाचे दोन लेख मी एकेक करून इकडे आणले. सहा झाले. वर नावाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं 'आकांक्षा निस्ताने', आणि खाली, 'इतर नावे' असं असतं तिथं, 'रूपाली भोयर'.

बापूराव खांद्यावरून वाकून पाहत होते. "खालतं काऊन?"

"नोकरी वरच्या नावाची आहे ना, बाबा. पोर्टलला तेच लागते."

"अन् अक्कल?"

तेव्हा मॅडम हसल्या. मोठ्यानं, कोंबडी दचकेल अशा. सगळ्यांना दिसेल असं हसू मी त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा पाहिलं. हसत हसतच त्यांनी रूपालीच्या ईमेलवरून प्राचार्यांना उत्तर पाठवलं: 'निमंत्रणाबद्दल आभार. अवश्य येईन. गाडी पाठवू नये. मी जवळच असते.'

उद्घाटनाचा दिवस म्हणजे अर्जाच्या मुदतीचा शेवटचा दिवस. फाटकावर फ्लेक्स लागला होता. पाहुण्यांचा फोटो सापडला नाही म्हणून गोलात कपाशीचं फूल टाकलं होतं. प्राचार्य पुष्पगुच्छ घेऊन फाटकाशी उभे. मॅडमची स्कूटी आली.

"मॅडम, गाडी आत घ्या लवकर, रस्ता मोकळा ठेवा! पाहुण्या येऊन राह्यल्या."

"हो सर," म्हणून मॅडमनी गाडी आत घेतली.

वेळ झाली, तरी पाहुण्यांचा पत्ता नाही. पोरं बाकं वाजवू लागली. सरांनीच निरोप पाठवला की परिचय सुरू करा, तेवढ्यात येतील. मॅडम माइकसमोर गेल्या.

"रूपाली भोयर यांना मी लहानपणापासून ओळखते," त्यांनी सुरुवात केली. "रोहण्याच्या शाळेत त्या माझ्याच बाकावर बसायच्या. शेतातून काडीपेटीत अळ्या भरून आणायच्या आणि मास्तरांच्या टेबलावर सोडायच्या. शिक्षा मला व्हायची. पीएच.डी.ला त्यांनी काम केलं तेव्हा उन्हातान्हात बोंडं मीच वेचली, नाव त्यांचं छापून आलं. पण मी तक्रार केली नाही. कारण गेली दोन वर्षं आपले प्राचार्य सर त्यांचं जे कौतुक करतात, ते सगळं मी त्यांच्यापर्यंत शब्दशः पोचवलेलं आहे."

मी ठरल्याप्रमाणे पडद्यावर पान उघडलं. वर एक नाव, खाली एक नाव, सोळा आकड्यांचा एकच नंबर, सहा लेख. हॉलमध्ये सगळ्यात आधी बी.एस्सी. शेवटच्या वर्षाच्या पोरींना कळलं, आणि त्या अशा ओरडल्या की शेजारच्या मंगल कार्यालयातले लोक बाहेर आले.

फाटकावर मोतीलालभाऊ गेले. "सर, चला. पाहुण्या आल्या."

"आल्या? कुठून? मी तर इथंच उभा आहो!"

"तुमच्या आधीच्या आल्या आहेत, सर. मीच रुजू करून घेतलं."

सर हॉलमध्ये आले, पडदा पाहिला, मॅडमना पाहिलं, पुन्हा पडदा पाहिला. कान लाल झाले. पण माणूस मनानं मोकळा. आधी नुसतं पोट हललं, मग हसण्याचा आवाज आला. त्यांनी पुष्पगुच्छ दिला, शाल दिली, आणि पुढं तासभर पहिल्या बाकावर बसून बोंडअळीवरचं व्याख्यान ऐकलं. त्यात त्यांनी एक जांभई दिली, ती मी मोजत नाही.

संध्याकाळी ऑफिसात अर्ज भरायला बसलो. पोर्टलमध्ये नंबर टाकला. लेख एकामागून एक उतरले. सरांनी स्क्रीनवर बोट ठेवून ते मोजले आणि शिफारशीवर सही केली. मोतीलालभाऊंनी शिक्का मारला.

"पण मॅडम, हे तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं," सर म्हणाले. "मी केवढं काय काय बोललो."

"तुम्हीच म्हणाले ना सर, तिच्याकडून शिका. शिकत होती."

सरांनी पेन खिशाला लावला. "ते ठीक. पण आता आम्ही हाक काय मारायची? रूपाली मॅडम का आकांक्षा मॅडम?"

मॅडमनी अर्जाची पोच छापून घेतली, घडी घातली आणि पर्समध्ये डबीच्या बाजूला ठेवली.

"विद्यापीठाचं पत्र येईपर्यंत काही पण म्हणा, सर," त्या म्हणाल्या. "आलं की गाईड म्हणा."